पडण्याआधी कोणती गोळी घेतली होती?

घरातलं वयस्कर माणूस पडलं की सगळे आधी फरशीकडे बघतात. मोरीत साबणाचं पाणी होतं का, पायपुसणं सरकलं का, चपलेचा तळ गुळगुळीत झाला होता का. मग वयावर येतात: पंचाहत्तरी उलटली, आता तोल जायचाच. दोन्हीत तथ्य आहे. पण उशाशी ठेवलेला गोळ्यांचा डबा मात्र कुणी उघडत नाही. गुडघे, नजर आणि पायातलं बळ आठवड्याभरात सुधारत नाही. गोळीची मात्रा, वेळ किंवा गोळीच बदलता येते, आणि पुष्कळदा त्याचा फरक थोड्याच दिवसांत दिसतो. म्हणून पहिली चौकशी डब्याची व्हायला हवी.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणी आजच रात्री आजीची गोळी बंद करेल अशी धास्ती वाटते. यातली काही औषधं अचानक थांबवणं पडण्यापेक्षाही धोक्याचं आहे. झोपेच्या गोळ्या, फिट्सची औषधं, प्रोप्रॅनोलॉल-मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर (नाडी आणि बीपी कमी करणारी औषधं), बीपीची क्लोनिडीन, पार्किन्सनची लेव्होडोपा, नैराश्याच्या गोळ्या आणि स्टेंट बसवल्यानंतरची रक्त पातळ ठेवणारी औषधं घरच्या घरी बंद करायची नाहीत. शोध तुम्ही घ्या, बदल डॉक्टर करतील.

पिशवी रिकामी करा

वर्तमानपत्र पसरा आणि घरातली सगळी औषधं त्यावर ठेवा. रोजच्या डब्यातल्या गोळ्या तर हव्यातच, पण फ्रिजवरची सर्दीची पट्टी, देवघराच्या कप्प्यातलं चूर्ण, शेजारच्या काकूंनी "मला याने बरं वाटलं" म्हणून दिलेली पाठदुखीची गोळी, आयुर्वेदिक वटी, डोळ्यांचे थेंब आणि अंगदुखीचं मलमही तिथे आलं पाहिजे. मग प्रत्येकासमोर पाच गोष्टी लिहा: पट्टीच्या मागच्या बारीक अक्षरांतली घटकद्रव्यं आणि त्यांचे मिलिग्रॅम, कधी घेतात, कधीपासून घेतात, कुणी लिहून दिलं, आणि कशासाठी.

खरी मेख शेवटच्या रकान्यात असते. दहापैकी दोन-तीन गोळ्यांना "कशासाठी" याचं उत्तर घरात कुणाकडेच नसतं. दोन वर्षांपूर्वी दवाखान्यातून सुटताना लिहिलेली गोळी चिठ्ठी बदलली तरी चालूच राहते. हृदयाचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, पोटाचे वेगळे. प्रत्येकाने आपापलं बरोबर लिहिलेलं असतं, पण सगळ्यांची बेरीज कुणी केलेली नसते.

ब्रँडच्या नावावर विसंबू नका. आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधं एकत्र करून विकण्याचं प्रमाण फार मोठं आहे आणि त्यात पडण्याचा धोका वाढवणारा घटक सहज लपतो. "मूडची गोळी" म्हणजे पुष्कळदा नैराश्यावरचं एस्सिटॅलोप्रॅम आणि झोपेच्या गोळीच्या जातीचं क्लोनाझेपाम. "नसांची गोळी, व्हिटॅमिन आहे" असं सांगितलं जातं, तीत मिथाइलकोबालामिनबरोबर प्रेगाबालिन किंवा गाबापेंटिन असतं, कधी नॉरट्रिप्टिलीनही. "पोटाच्या मुरड्याची गोळी" क्लिडिनियम आणि क्लोरडायझेपॉक्साइडची निघते, म्हणजे तीत झोपेच्या गोळीचा सख्खा भाऊ बसलेला असतो. पाठदुखीच्या गोळीत वेदनाशामकासोबत स्नायू सैल करणारं क्लोरझोक्सॅझोन किंवा थायोकोल्चिकोसाइड असतं, आणि सर्दीच्या गोळीत गुंगी आणणारं क्लोरफेनिरामिन.

झोपेची गोळी

घरच्यांचा संशय सहसा बीपीच्या गोळीवर जातो आणि झोपेची गोळी निसटते, कारण "ती तर किती लहान आहे, पाव मिलिग्रॅमची". आकारावर आणि आकड्यावर जाऊ नका. अल्प्राझोलाम ०.२५ मिलिग्रॅम ही मेंदूच्या दृष्टीने पूर्ण मात्रा आहे.

तरुणपणी या गोळ्या जेवढ्या वेळात शरीरातून जातात तेवढ्या वेळात म्हातारपणी जात नाहीत. वय वाढतं तसं शरीरातलं पाणी कमी होतं आणि चरबीचं प्रमाण वाढतं. डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड यांसारखी औषधं चरबीत साठतात आणि तिथून हळूहळू सुटत राहतात. डायझेपामचे कार्यशील अवशेष काही दिवस रक्तात फिरतात. क्लोनाझेपामची रक्तातली पातळी निम्मी व्हायला साधारण ३० ते ४० तास लागतात. म्हणजे आज रात्रीची गोळी घेताना कालची निम्म्याहून अधिक अंगात शिल्लक असते. सकाळी नऊला दुधाची पिशवी आणायला निघालेल्या आजोबांचा जिन्यावर झोक जातो, तो या शिलकीमुळे. गोळी रात्री घेतली म्हणून ती फक्त रात्रीच काम करत नाही.

झोलपिडेम लवकर उतरतं, म्हणून ते सुरक्षित अशी समजूत आहे. पण त्याचा जोर असतो त्याच तासांत लघवीला उठावं लागतं, आणि अर्धवट जागं, अर्धवट झोपेतलं माणूस अंधारात संडासाकडे निघतं. वृद्धांसाठी झोलपिडेमची मात्रा ५ मिलिग्रॅम आहे. १० मिलिग्रॅमची पट्टी घरात दिसली तर ते डॉक्टरांना विचारण्याजोगं आहे. अल्प्राझोलाम आणि झोलपिडेम भारतात शेड्यूल एच-१ मध्ये येतात, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती देता येत नाहीत आणि औषधविक्रेत्याला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. तरीही जुन्या चिठ्ठीवर किंवा ओळखीवर ती मिळत असतील, तर ती सोय नव्हे, घात आहे.

ही गोळी सोडता येते, वर्षानुवर्षं घेतलेली असली तरीही. फक्त ती एका झटक्यात सोडायची नाही, नाहीतर थरथर, घबराट, भ्रम आणि फिट येऊ शकते. मात्रा पायरीपायरीने उतरवतात. दर दोन आठवड्यांना फार तर चौथाई कपात, आणि गोळी बरीच वर्षं चालू असेल तर याहूनही सावकाश. शेवटची पाव गोळी सर्वांत अवघड जाते, तिथे घाई नको. प्रत्येक कपातीनंतर काही रात्री झोप उडते. लोक इथेच हार मानतात: "बघा, गोळीशिवाय झोपच येत नाही." ही झोप उडणं औषध सुटतानाचं असतं आणि ओसरतं, हे आधीच सांगून ठेवलं तर निभावून नेता येतं. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा गोळ्या घेणाऱ्या ६५ वर्षांवरच्या लोकांना फक्त एक माहितीपुस्तिका दिली. तीत धोके लिहिले होते आणि गोळी उतरवायचं वेळापत्रक होतं. सहा महिन्यांत २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली. पुस्तिका न मिळालेल्या गटात हे प्रमाण ५ टक्के होतं. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. आजी-आजोबांना नीट समजावून सांगितलं तर ते ऐकतात. आपण समजावतच नाही.

गोळी उतरवताना दुपारची झोप अर्ध्या तासावर आणायची, चार वाजल्यानंतरचा चहा बंद करायचा आणि संध्याकाळी उजेडात फिरायला जायचं. रात्री आठलाच गादीवर पडायचं नाही. आठला पडलेलं माणूस दोनला उठलं तर त्याची सहा तासांची झोप झालेली असते, ते अनिद्रेचं दुखणं नव्हे.

गॅसची गोळी आणि चक्करची गोळी

या दोन्हींबद्दल घराघरांत जी निश्चिंती असते तिचीच मला सर्वाधिक काळजी वाटते.

सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलसोबत कधी लेव्होसल्पिराइड असतं, बहुधा ७५ मिलिग्रॅम. हे औषध पोट लवकर रिकामं करतं, पण ते मेंदूतल्या डोपामिनचे, म्हणजे हालचाल सुरळीत ठेवणाऱ्या रसायनाचे, मार्गही अडवतं. महिनोन्महिने घेतलं की पार्किन्सनसारखी लक्षणं दिसू लागतात: चाल मंदावते, पावलं फरशीवरून घासत जातात, वळताना चार-पाच तुटक पावलं टाकावी लागतात, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, हात थरथरतो. असं माणूस वळताना किंवा खुर्चीवरून उठताना पडतं. उलटीसाठीचं मेटोक्लोप्रामाइड, आणि चक्करसाठीची प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन, फ्लुनारिझिन हीसुद्धा हेच करू शकतात.

मग पुढचा घोळ होतो. ही लक्षणं बघून पार्किन्सनचं निदान होतं आणि ट्रायहेक्सीफेनिडिल किंवा लेव्होडोपा सुरू होते. ट्रायहेक्सीफेनिडिलने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, नजर अंधुक होते, विसराळूपणा वाढतो. लेव्होडोपाने उभं राहताना बीपी उतरतं. एका गोळीचा दोष झाकायला दुसरी गोळी आली आणि पडण्याची कारणं मात्र वाढली. म्हणून नव्याने पार्किन्सन सांगितला गेला असेल तर मागच्या वर्षभरात वर सांगितलेल्यांपैकी काही चालू होतं का, हे आवर्जून सांगा. औषध थांबवल्यावर लक्षणं जायला काही आठवडे ते काही महिने लागतात, त्यामुळे आठ दिवसांत "फरक नाही" म्हणू नका.

चक्करच्या गोळीचं गणित तर उलटंच आहे. कुशीवर वळलं, मान वर केली, आडवं झालं की खोली गरगर फिरते आणि मिनिटभराच्या आत थांबते, असं असेल तर बहुधा आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागचे हललेले असतात. ते गोळीने जागेवर येत नाहीत. डोकं आणि मान ठराविक क्रमाने वळवून, प्रत्येक स्थितीत काही वेळ थांबून, ते परत बसवतात. एपली नावाची ही क्रिया कान-नाक-घशाचे डॉक्टर किंवा जाणकार फिजिओथेरपिस्ट काही मिनिटांत करतात. सिनारिझिनसारख्या गोळ्या तीव्र भोवळ आणि उलटीत दोन-तीन दिवसांपुरत्या ठीक. त्याहून लांबल्या की मेंदू तोल सावरायला नव्याने शिकत असतो, त्या शिकण्यातच त्या अडथळा आणतात.

उभं राहिल्यावरचं बीपी

दवाखान्यात बीपी खुर्चीवर बसवून मोजतात. माणूस पडतं ते उठताना. म्हणून घरी ही तपासणी करा, बीपीचं साधं यंत्र पुरतं.

पाच मिनिटं पाठीवर शांत पडू द्या. पट्टा दंडाला बांधलेलाच ठेवून बीपी आणि नाडी मोजा. मग उभं करा, शेजारी थांबा, मागे खुर्ची ठेवा. उभं राहिल्यापासून एक मिनिटाने मोजा, तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. पट्टा बांधलेला हात खाली लोंबू देऊ नका, छातीच्या उंचीवर आधार द्या, नाहीतर आकडा खोटा वाढतो. भोवळ आली तर लगेच बसवा, तपासणी पूर्ण करायचा हट्ट नको. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर ते लक्षणीय. आडवं असताना १३८/८० आणि उभं असताना ११२/७४ असेल, तर बसून मोजलेलं "छान आहे बीपी" काहीच सांगत नाही. सकाळी गोळ्यांच्या आधी, गोळ्यांनंतर दीड-दोन तासांनी आणि भरपेट जेवणानंतर तासाभराने, अशी दोन-तीन दिवस नोंद ठेवा. जेवणानंतर रक्त पोटाकडे वळतं, त्यामुळे काहींचं बीपी तेव्हाच खाली येतं. नाडीचा आकडाही लिहा. बीपी उतरलं आणि नाडी बरीच वाढली, तर अंगात पाणी कमी असण्याची शक्यता असते. नाडी जागची हललीच नाही, तर मधुमेहाने नसा दुबळ्या झाल्यात का किंवा बीटा ब्लॉकर चालू आहे का, हे डॉक्टर बघतील.

बीपी उतरवणारी औषधं फक्त बीपीच्या नावाने येत नाहीत. प्रोस्टेटसाठीची टॅम्सुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन, प्राझोसिन रक्तवाहिन्या सैल करतात. टॅम्सुलोसिन रोज एकाच जेवणानंतर साधारण अर्ध्या तासाने घ्यायची असते. उपाशीपोटी घेतली तर रक्तातली पातळी वर चढते आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. काही दिवस खंड पडून पुन्हा सुरू करायची असेल तर पहिल्या मात्रेला विशेष जपायचं. रात्री उठलेल्या आजोबांनी लघवी बसून करावी, हा साधा सल्ला हाडं वाचवतो. छातीत दुखण्यासाठीची नायट्रेट्स, नैराश्याची ॲमिट्रिप्टिलीन, मानसिक आजाराची क्वेटियापिन, स्नायू सैल करणारी टिझॅनिडीन हीसुद्धा याच रांगेतली.

लघवीच्या गोळ्या, म्हणजे फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, सकाळीच घ्यायच्या. दुसरी मात्रा असेल तर ती दुपारी दोन-तीनच्या पुढे नको. संध्याकाळी घेतली की रात्रभर खेपा. एक साखळी ओळखून ठेवा: ॲम्लोडिपिनने पाय सुजतात, सूज बघून टॉर्सेमाइड सुरू होतं, त्याने रात्री उठणं वाढतं, अंगातलं पाणी आणि मीठ कमी होतं आणि माणूस पडतं. ही सूज हृदयाची नसून ॲम्लोडिपिनची आहे का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या नव्या गोळ्यांनीही लघवीवाटे पाणी जातं. लघवीच्या गोळीवर त्या चढल्या तर उभं राहिल्यावरचं बीपी पुन्हा तपासा. जुलाब-उलट्या किंवा कडक उन्हाळ्यात खाणंपिणं घटलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या का ते विचारा. पायी वारीला निघणाऱ्या ज्येष्ठांनी तर हे निघण्याआधीच विचारून कागदावर लिहून घ्यावं.

हे वाचून बीपीची गोळी सोडू नका. उच्च रक्तदाब मोकाट सुटला की उभं राहिल्यावरची घसरणसुद्धा वाढते. अमेरिकेतल्या स्प्रिंट या २०१५ सालच्या मोठ्या चाचणीत बीपी कडक आवाक्यात ठेवलेल्या ७५ वर्षांवरच्या लोकांमध्येही इजा होईल असं पडणं वाढलेलं दिसलं नाही. मात्र त्या चाचणीत मधुमेही नव्हते आणि उभं राहिल्यावर वरचा आकडा ११० च्या खाली जाणारे लोक मुळात घेतलेच नव्हते. तुमच्या घरातलं माणूस कोणत्या गटातलं आहे, हे वरच्या तपासणीने कळतं.

साखर आणि सोडियम

पहाटे तीनला घामाने भिजलेलं, गोंधळलेलं, पलंगाशेजारी पडलेलं माणूस दिसलं की आधी साखर तपासा. ग्लिबेनक्लामाइड आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या जेवण झालं की नाही ते बघत नाहीत, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. ग्लिबेनक्लामाइड तर वृद्धांना नकोच, असं अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटीची बीअर्स यादी, म्हणजे वृद्धांनी टाळायच्या औषधांची यादी, सांगते. २०२३ च्या आवृत्तीत या दोन्ही गोळ्या ज्यात मोडतात त्या अख्ख्या गटाबद्दलच सावधगिरीचा इशारा आहे.

आपल्याकडे धोका वाढतो तो उपासाला. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. गोळी सकाळी सवयीने घेतली जाते आणि साबुदाण्याची खिचडी दुपारी दीडला ताटात येते. मधल्या पाच तासांत साखर उतरते. उपास मोडायला लावण्यापेक्षा चातुर्मास लागण्याआधीच डॉक्टरांकडून उपासाच्या दिवसाचं वेगळं वेळापत्रक घ्या. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, तरीही खाली असेल तर पुन्हा द्या, आणि मग खायला घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो. तीच खूण धरा.

रक्तातलं सोडियम (मिठातला क्षार) कमी झालं की चाल डगमगते, डोकं जड होतं, माणूस गप्पगप्प होतं. १३५ च्या थोडं खाली आलेलंही काहींना पाडतं. थायाझाइड गटातली लघवीची गोळी (हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन) आणि एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिनसारखी नैराश्याची गोळी एकत्र असतील आणि बाई वजनाने हलक्या, वयाने सत्तरीपुढच्या असतील, तर नवी गोळी सुरू झाल्यावर दोन आठवड्यांच्या सुमारास सोडियमची तपासणी मागून घ्या. त्यात कुणी बीपीसाठी मीठ अगदीच तोडलं असेल, तर भर पडते.

"क्रिएटिनिन नॉर्मल आहे" याचा अर्थ

किडनीचं काम जोखायला रक्तात क्रिएटिनिन मोजतात. ते स्नायूंतून येतं. स्नायूच झिजले असतील तर किडनी मंदावूनही आकडा नॉर्मल दिसतो. हिशोब साधा आहे: १४० मधून वय वजा करा, त्याला किलोतल्या वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागा. बाई असतील तर उत्तराला ०.८५ ने गुणा. एखाद्या आजींचं वय ७८, वजन ४८ किलो, क्रिएटिनिन १.१, असा हिशोब केला तर मिनिटाला साधारण ३२ मिलिलिटर येतं. रिपोर्टवर लाल खूण नाही, पण किडनीचं काम बरंच घटलेलं आहे.

याचा पडण्याशी थेट संबंध "नसांच्या गोळी"तल्या प्रेगाबालिन आणि गाबापेंटिनमध्ये दिसतो. ही औषधं जवळजवळ संपूर्ण किडनीवाटे जातात. किडनीचं काम ६० ते ३० च्या दरम्यान असेल तर प्रेगाबालिनची मात्रा साधारण निम्मी करतात, ३० च्या खाली आणखी कमी. वरच्या आजींना "पायाला मुंग्या येतात" म्हणून ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिलं, तर मुंग्या कमी होतील, पण दारू चढल्यासारखी चाल होईल. त्यावर ट्रामाडोल हे वेदनाशामक किंवा झोपेची गोळी आली की तिन्हींचा भार एकमेकांवर चढतो. रात्रीचा एखादा पेग असेल तर तोही याच बेरजेत धरा आणि डॉक्टरांपासून लपवू नका.

ज्यांना औषध मानलंच जात नाही ते

व्हिटॅमिन डी चं ६०,००० युनिटचं पाकीट दुधातून आठवड्याला एक, असं साधारण आठ आठवडे देतात. पुढे बंद करायचं कुणी सांगत नाही आणि ते वर्षभर चालतं. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले तेव्हा पडणं आणि हाड मोडणं दोन्ही वाढलं; तो अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. झुरिकमध्ये, आधी पडलेल्या वृद्धांवर केलेल्या २०१६ च्या चाचणीत, महिन्याला ६०,००० युनिट घेणारे २४,००० घेणाऱ्यांपेक्षा जास्त पडले. कमतरता असेल तर भरून काढायचीच, पण हाडांसाठी घेतलेलं व्हिटॅमिन जास्त झालं म्हणून हाड मोडू नये.

बीपी किंवा झोपेच्या आयुर्वेदिक गोळीच्या डबीवर सर्पगंधा लिहिलेलं आहे का बघा. सर्पगंधेतलं रेसर्पिन खरोखरच बीपी उतरवतं, सुस्ती आणतं, मन खिन्न करतं. बीपीच्या दोन गोळ्यांवर ती तिसरी गोळी ठरते.

आणि आठवड्यापुरतं आलेलं अँटिबायोटिक. क्लॅरिथ्रोमायसिनने ॲम्लोडिपिनची रक्तातली पातळी वाढून बीपी कोसळू शकतं, ग्लिमेपिराइडसोबत साखर उतरू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टिझॅनिडीन तर एकत्र द्यायचंच नाही. पाठदुखीची गोळी हाडांच्या डॉक्टरांची, लघवीच्या जंतुसंसर्गाची गोळी फॅमिली डॉक्टरांची, अशी ही गाठ पडते. नवी चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जाताना जुन्या औषधांची यादी सोबत न्या आणि "यात एकमेकांशी न जुळणारं काही आहे का" हे विचारा.

डॉक्टरांसमोर

यादी, उभं-आडवं बीपीचा कागद आणि पडण्याची नोंद घेऊन जा. नोंदीत तारीख आणि वेळ, त्याआधी काय करत होते, शेवटची गोळी कोणती आणि किती तासांपूर्वी, जेवण झालं होतं का, पडल्याचं पूर्ण आठवतं का, आणि मागच्या महिन्यात कोणतं औषध नवीन आलं किंवा मात्रा बदलली, एवढं असू द्या. मात्रा बदलल्यानंतरचे पहिले दोन आठवडे विशेष जपायचे. "आम्हाला गोळ्या कमी करायच्यात" असं मोघम सांगू नका. "ही गोळी अजून लागते का, कमी मात्रेत चालेल का, रात्रीऐवजी दुसऱ्या वेळी देता येईल का, याला सुरक्षित पर्याय आहे का" असं एकेका गोळीबद्दल विचारा. एका वेळी एकच बदल मागा. तीन गोळ्या एकदम बदलल्या तर फायदा किंवा त्रास कशाने झाला ते कळत नाही. औषधानेच त्रास झाल्याचा दाट संशय असेल तर भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर सामान्य माणसालाही कळवता येतं.

तोवर घरात एवढं करा: उठताना आधी कुशीवर, मग पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिट-दोन मिनिटं बसायचं, घोटे दहा-पंधरा वेळा वरखाली हलवायचे, मग आधार धरून उभं राहायचं आणि पावलं टाकण्याआधी दहापर्यंत मोजायचं. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवा.

पडलंच, आणि डोक्याला मार लागला असेल, तर रक्त पातळ ठेवणारी कोणती गोळी चालू आहे ते डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. वॉरफेरिन, ॲपिक्साबान, डाबिगाट्रान, रिव्हारोक्साबान किंवा क्लोपिडोग्रेल असेल तर "टेंगूळ आलंय, बाकी ठीक आहे" म्हणून घरी थांबू नका, सीटी स्कॅनबद्दल विचारा. स्कॅन साफ आला तरी पुढचे सहा-आठ आठवडे लक्ष ठेवा. कवटीच्या आत रक्त सावकाश साठू शकतं. वाढती डोकेदुखी, दिवसा न आवरणारी झोप, एका पायाने फरफटत चालणं, जेवताना घास सांडणं, बोलण्यात नवा गोंधळ, यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी पुन्हा स्कॅन, आणि पडल्याची तारीख पुन्हा सांगायची, कारण तोवर ती सगळे विसरलेले असतात.